आईच्या व्हीईपीत लाट उशिरा येतेय. स्मरणशक्तीच्या गोळीमुळे असेल का?

शेवंती_मुलुंड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज स्वतःच्या काळजीपोटी धागा काढतेय.

आई ७४ वर्षांची, माझ्याकडे मुलुंडलाच असते. गॅसवर दूध ठेवून विसरणं आपल्या सगळ्यांचंच होतं. पण दिवाळीत स्वतःच्या हाताने भाजलेल्या चकलीच्या भाजणीचा डबा उघडून ती मला म्हणाली, "ही कुणी पाठवली गं?" तेव्हा पोटात धस्स झालं. मेंदूच्या डॉक्टरांनी डोनेपेझिल ५ मिलिग्रॅम सुरू केली. त्याला आता चार महिने झाले.

महिन्याभरापासून "डोळ्यांपुढे धुकं आहे" असं म्हणते. मोतीबिंदूची ऑपरेशनं दोन्ही डोळ्यांची पूर्वीच झालीत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा तपासला, ठीक म्हणाले, आणि नस बघायला व्हीईपी करायला पाठवलं. रिपोर्टमध्ये मोठ्या चौकटींना पी-१०० दोन्ही डोळ्यांत ११२ मिलिसेकंद, लहान चौकटींना उजव्यात १३१ आणि डाव्यात १२९. खाली एकच ओळ: दोन्ही बाजूंना विलंब.

आमच्याकडे आता दोन तट पडलेत. मामा म्हणतो, "मेंदूवर काम करणारी गोळी आहे, तिनेच लाट बिघडवली, बंद कर आणि परत टेस्ट कर." मला गोळी बंद करायची भीती वाटते, कारण तिच्यामुळे आई निदान पेपर वाचायला लागली आहे. या गोळ्यांनी मेंदूच्या मागच्या भागातल्या विजेवर खरंच परिणाम होतो का? कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर लिहा.

बाकी औषधं: सकाळी बीपीची अम्लोडिपिन, आणि वारंवार लघवीला होतं म्हणून दोन वर्षांपासून ऑक्सिब्युटिनिन दिवसातून दोनदा.

काकू_गिरगाव

शेवंती, आधी आईला जप आणि स्वतःलाही. आम्हा सामान्यांसाठी कुणीतरी व्हीईपी म्हणजे काय ते सांगा. माझ्या जावेलाही करायला सांगितली आहे, ती घाबरून बसली आहे. शॉक देतात का?

सूक्ष्मव्होल्ट

काकू, शॉक अजिबात देत नाहीत. आम्ही काही देत नाही, नुसतं ऐकतो. मी गेली १९ वर्षं हीच मशीन चालवतोय.

डोळ्यांनी जे दिसतं ते समजून घेणारा मेंदूचा भाग डोक्याच्या अगदी मागे असतो. तिथल्या कातडीवर पेस्ट लावून एक छोटी वायर चिकटवतो. जागा मोजून काढतो: नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या टेंगळापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि टेंगळापासून त्याच्या दहा टक्के वर खूण करायची. समोर स्क्रीनवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा पट. सेकंदाला दोनदा काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं होतं. पेशंटने मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा.

प्रत्येक उलटापालटीनंतर साधारण शंभर मिलिसेकंदांनी मेंदूतून एक छोटी लाट येते, तिलाच पी-१०० म्हणतात. किती छोटी? पाच-दहा मायक्रोव्होल्टची. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, ही लाट त्याच्या दीड ते तीन लाखाव्या भागाएवढी. मेंदूच्या इतर कलकलाटात ती एकदा बघून दिसतच नाही. म्हणून शंभरेक वेळा तेच दाखवायचं आणि सरासरी काढायची. कलकलाट एकमेकांना खोडत जातो, लाट उरते.

जावेला सांगा, आदल्या दिवशी केस शाम्पूने धुवून ये, तेल लावू नको, आणि लांबचा चष्मा विसरू नको. निम्म्या आज्या तेल चोपडून येतात, मग वायर टिकत नाही.

आजोबा७१

मामांचं मत चुकीचं म्हणता येणार नाही. टेस्टच्या आधी औषध थांबवणं ही रीतच आहे. माझ्या दाताच्या वेळी रक्त पातळ करणारी गोळी थांबवली होती. तीन दिवस गोळी बंद ठेवून परत टेस्ट करावी, म्हणजे दूध का दूध होईल.

लालबागचा_औषधवाला

आजोबा, तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून सांगतो, हा सल्ला कुणी पाळू नये. तुमची गोळी डॉक्टरांनी थांबवली होती, घरच्यांनी नव्हे.

दुसरं, डोनेपेझिल शरीरातून फार हळू जाते. तिची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच सुमारे ७० तास लागतात. म्हणजे तीन दिवस बंद ठेवलीत तरी जवळजवळ अर्धी गोळी अंगात असते. पूर्ण जायला दोन आठवडे धरा. तेवढ्यात आईचं पेपर वाचणं मागे गेलं तर? सुधारणा मागे गेली की ती परत तशीच मिळेल, याची खात्री नसते.

आणि शेवंतीताई, तुमच्या यादीतली तिसरी गोळी वाचून मी दुकानातल्या पोराला गिऱ्हाईक बघायला सांगून इथे लिहायला बसलो. डोनेपेझिल मेंदूत ॲसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमधले निरोप पोचवणारं एक रसायन, वाढवते. ऑक्सिब्युटिनिन त्याच ॲसिटिलकोलीनची दारं बंद करते. तिचं काम मूत्राशयावर असतं, पण ती मेंदूतही शिरते. एका हाताने नळ सोडायचा आणि दुसऱ्या हाताने बादलीवर झाकण ठेवायचं, असं चाललंय. दोन डॉक्टर वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या, त्यामुळे हे असं होतं. माझ्या काउंटरवर महिन्यातून दोन-तीनदा ही जोडी येते आणि प्रत्येक वेळी मी हात जोडून सांगतो की दोन्ही कागद एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. तुम्ही स्वतः काही बंद करू नका, पण हे उद्याच विचारा.

शेवंती_मुलुंड

बापरे. हे आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या फोन करते.

तारांगण

शेवंती, तुमच्या मूळ प्रश्नावर मी काही वर्षं काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो. मला हा विषय मनापासून आवडतो. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कपाळाच्या मागे, मेंदूच्या तळाशी मायनर्टचं केंद्रक नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. मेंदूच्या जवळजवळ सगळ्या बाह्यपटलाला ॲसिटिलकोलीन पुरवण्याचं काम तो करतो, अगदी डोक्यामागच्या दृष्टीपटलापर्यंत (म्हणजे बघण्याचं काम करणारा मेंदूचा भाग, डोळ्यातला पडदा नव्हे). अल्झायमरमध्ये याच पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. डोनेपेझिल नवीन ॲसिटिलकोलीन बनवत नाही. ते तोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ती अडवते, त्यामुळे उरलंय ते जास्त वेळ टिकतं.

आता दृष्टीपटलात हे रसायन करतं काय? दादर स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता उभं राहिल्यावर काय होतं ते आठवा. घोषणा होत असते, पण आजूबाजूच्या बडबडीत "बारा डब्यांची" की "पंधरा डब्यांची" तेच कळत नाही. घोषणेचा आवाज थोडा वाढला आणि त्याच वेळी गर्दी थोडी शांत झाली, तर शब्द न् शब्द कळेल. ॲसिटिलकोलीन ही दोन्ही कामं करतं, तीही वेगवेगळ्या दारांनी. डोळ्यांकडून येणारा संदेश दृष्टीपटलाच्या चौथ्या थरात उतरतो. तिथे ॲसिटिलकोलीनची एका प्रकारची दारं, म्हणजे निकोटिनिक ग्राहक आहेत, ते हा संदेश मोठा करतात. माकडांच्या दृष्टीपटलात हे २००७ साली दाखवलं गेलं. आणि पटलातल्या पेशी आपापसात जी कुजबुज करतात ती दुसऱ्या प्रकारच्या दारांमार्फत, म्हणजे मस्करिनिक ग्राहकांमार्फत दबते. १९९९ साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या दृष्टीपटलावर ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं, तेव्हा उत्तेजना आडवी पसरणं कमी झालं. त्याही आधी, १९८३ मध्ये, सिलिटो आणि केम्प यांनी मांजरांच्या दृष्टीपटलात एकेका पेशीपाशी हे रसायन सोडलं होतं. बहुतेक पेशींचा प्रतिसाद वाढला, काहींचा दबला.

माणसांतही हे दिसतं. २००८ मध्ये सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी निरोगी लोकांना डोनेपेझिल देऊन एमआरआयमध्ये दृष्टीपटल पाहिलं. एका ठिकाणी दाखवलेल्या चित्राचा प्रतिसाद आजूबाजूला कमी पसरला, म्हणजे ठसा जास्त रेखीव झाला.

तेव्हा "परिणाम होतो का" याचं उत्तर हो आहे. पण तुमच्या आईच्या आकड्यांचा दोष मी गोळीला देणार नाही, आणि त्यामागे एक जुना, सुंदर प्रयोग आहे.

१९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये असं लक्षात आलं की अल्झायमरच्या रुग्णांत नुसता प्रकाशाचा झोत दाखवून काढलेल्या व्हीईपीतली पी-२ ही लाट उशिरा येते, पण चौकटींच्या पटाची पी-१०० मात्र वेळेवर असते. मग १९८६ साली निरोगी माणसांना हायोसिन दिलं गेलं. हे औषध मस्करिनिक दारं बंद करतं. आणि तेच चित्र उमटलं! झोताची पी-२ उशिरा, पटाची पी-१०० जागच्या जागी. पटाचा पहिला ठोका मुख्य दृष्टीपटलातून येतो आणि झोताची ती लाट पुढच्या, ॲसिटिलकोलीनवर जास्त अवलंबून असलेल्या भागांतून येते, असं स्पष्टीकरण तेव्हा मांडलं गेलं.

आता तुमचा रिपोर्ट बघा. तुमच्याकडे पटाची लाट उशिरा आहे, तीही मुख्यतः लहान चौकटींना, दोन्ही डोळ्यांत सारखी. ॲसिटिलकोलीन कमी पडल्याची खूण अशी नसते. डोनेपेझिल तर ते वाढवणारी आहे. माझा संशय मेंदूच्या बराच अलीकडे जातो, पण मी डोळ्यांचा माणूस नाही, तेव्हा इथेच थांबतो.

काकू_गिरगाव

दादरच्या घोषणेचं उदाहरण काळजाला भिडलं. तीस वर्षं मी तिथून गाडी पकडली. आता व्हीईपी कळली, जावेला वाचून दाखवते.

नवशिका

तारांगण सर, भारी लिहिलंय. एक प्रश्न. मी एमपीएससीचा अभ्यास करतोय, अभ्यासिकेत आठ-आठ तास बसतो. निरोगी माणसाचा ठसा रेखीव होत असेल तर परीक्षेच्या आधी ही गोळी घेऊन फायदा होईल का? आमच्यातला एक जण म्हणतो, सिगारेटनेही हेच होतं कारण त्यात निकोटिन असतं.

लालबागचा_औषधवाला

बाळा, नको. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं, रात्री भयंकर स्वप्नं. चिठ्ठीशिवाय ही गोळी मी देत नाही, आणि कुणी देऊ नये. सिगारेटबद्दल तर बोलूच नको. माझे वडील फुप्फुसाने गेले.

तारांगण

नवशिका, तुमचा प्रश्न चुकीचा नाही, उत्तर तेवढं सोपं नाही. २०१० साली रोकेम आणि सिल्व्हर यांनी निरोगी लोकांना डोनेपेझिल देऊन ठिपके कोणत्या दिशेने सरकतात ते ओळखण्याचा सराव करून घेतला. गोळीसोबतचं शिकणं जास्त झालं. पण ते शिकणं त्याच दिशेपुरतं, स्क्रीनवरच्या त्याच जागेपुरतं चिकटून राहिलं. राज्यघटनेची कलमं पाठ होण्याशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

मग याच आशेने आळशी डोळा असलेल्या प्रौढांवर २०१७ मध्ये छोटा प्रयोग झाला. तिथे गोळीने सरावाचा फायदा वाढला नाही. मी तेव्हा खूप आशेने वाट बघत होतो, कारण माझा भाचा त्यातलाच. उंदरांत चित्र उत्साहाचं आहे. २००९ साली मॉन्ट्रियलमध्ये दृश्य दाखवताना त्याच वेळी ॲसिटिलकोलीनचा मार्ग उत्तेजित केला, तेव्हा त्या दृश्याची व्हीईपी मोठी झाली आणि नंतरही मोठी राहिली. उंदरातून माणसात येईपर्यंत बरंच काही गळून जातं.

काकू_गिरगाव

अवांतर होईल, पण आळशी डोळ्यावरून आठवलं. माझ्या नातवाच्या चांगल्या डोळ्यात ॲट्रोपिनचे थेंब घालायला दिले होते. मला तेव्हा फार राग आला, की आजारी डोळा सोडून चांगल्यात औषध का घालता! नंतर समजलं, चांगला डोळा धूसर केला की मेंदूला आळशी डोळ्याकडे बघावंच लागतं. नातू आता चष्मा लावून क्रिकेट खेळतो.

आणि कोकणात आमच्याकडे धोतऱ्याचं बी पोटात गेलेला एक गडी मी लहानपणी पाहिला होता. तोंडाला कोरड, डोळ्यांची बाहुली एवढी मोठी झालेली, आणि अंगणात नसलेल्या माणसांशी बोलत होता. चांगला जागा होता, पण या जगात नव्हता.

तारांगण

काकू, धोतऱ्यात हायोसिन आणि ॲट्रोपिनच्याच जातीची द्रव्यं असतात. तुम्ही जे शेवटचं वाक्य लिहिलंत, ते १९५२ साली विक्लर यांनी कुत्र्यांवर मोजून दाखवलं. ॲट्रोपिन दिलेल्या कुत्र्याच्या मेंदूतल्या लाटा गाढ झोपेतल्यासारख्या मोठ्या आणि संथ झाल्या, आणि कुत्रा मात्र जागाच होता.

वणीकर

मी यवतमाळ जिल्ह्यातला, सध्या नोकरीसाठी कुर्ल्याला राहतो. धाग्यात शिरायचं नव्हतं, पण काकूंचं वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे कपाशीवर फवारणी करताना जे होतं ते धोतऱ्याच्या बरोबर उलटं. माझ्या काकांना झालं होतं. तोंडातून लाळ, अंगभर घाम, छाती भरलेली, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात ॲट्रोपिनची इंजेक्शनं एकामागून एक देत होते, मी रात्रभर शेजारी बसून रिकाम्या कुप्या मोजत होतो. डॉक्टर म्हणाले, हे कीटकनाशक ॲसिटिलकोलीन तोडणारं विकरच बंद पाडतं. म्हणजे शेवंतीताईंच्या आईची गोळी जे हलक्या हाताने, मोजूनमापून करते, तेच विष बेफाम करतं. काका वाचले. पण कितीतरी दिवस म्हणत होते, "भर दुपारी दिवेलागणीसारखं वाटतंय."

भिंगवाला

वणीकर, काका वाचले हे वाचून बरं वाटलं. ती दिवेलागण बाहुलीमुळे. बाहुली टाचणीएवढी झाली की पडद्यावर उजेडच कमी पडतो. काचबिंदूला पूर्वी पिलोकार्पिनचे थेंब सर्रास द्यायचे, त्यानेही बाहुली आवळते, आणि अशा पेशंटची पी-१०० उशिरा येते. नस ठणठणीत असली तरी! उजेड कमी म्हणजे संदेश उशिरा.

म्हणजे कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलीनच्या वाटेने काम करणाऱ्या) औषधांचा व्हीईपीवरचा सगळ्यात मोठा आणि रोज घडणारा परिणाम बऱ्याचदा मेंदूत नसतोच, बाहुलीत असतो. तारांगण "अलीकडे" म्हणाले ते मला पटलं.

शेवंतीताई, एकच गोष्ट नीट आठवून सांगा. पडदा तपासला म्हणालात. तो बाहुली मोठी करायचे थेंब घालून तपासला का? आणि व्हीईपी त्यानंतर किती वेळाने झाली? चष्मा होता का डोळ्यांवर?

शेवंती_मुलुंड

हे वाचून मी आत्ता स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीवर बसले.

सकाळी दहाला थेंब घातले. तीन वेळा. अकराला पडदा बघितला. सव्वाबाराला दुसऱ्या मजल्यावर व्हीईपी, "एकाच फेरीत होऊन जाईल, आजींना परत आणायला नको" असं म्हणाले, आणि मलाही ते बरं वाटलं. आईला उजेड सहन होत नव्हता, म्हणून तिने चष्मा काढून माझ्या पर्समध्ये ठेवायला दिला होता. तो पर्समध्येच राहिला. मशीनवाल्या मुलाने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आई सारखी म्हणत होती, "मला तो ठिपका दिसतच नाहीये."

भिंगवाला

ताई, स्वतःला दोष देऊ नका. हे विचारणं समोरच्याचं काम होतं. पटाची व्हीईपी बाहुली मोठी करून काढायचीच नसते.

ते थेंब बहुधा ट्रॉपिकामाइडचे. तेही मस्करिनिक दारं बंद करणारंच औषध, फक्त डोळ्यापुरतं. परिणाम चार ते सहा तास राहतो. तरुणात त्याने जवळचं फोकस जातं. आईंच्या डोळ्यात तर कृत्रिम भिंग आहे, फोकस बदलायचा प्रश्नच नाही. पण कॅमेऱ्याचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की फोकसमधली थोडी चूकही फोटोत दिसते. बाहुली लहान असताना चष्म्याविना जे खपून गेलं असतं, ते मोठ्या बाहुलीत खपत नाही. लहान चौकटी एकमेकांत मिसळून नुसत्या राखाडी झाल्या असणार. मोठ्या चौकटी त्यातूनही बऱ्यापैकी दिसतात. तुमचे आकडे नेमके तेच सांगतायत.

सूक्ष्मव्होल्ट

भिंगवाला बरोबर आहेत. माझ्या खोलीत पेशंट आला की मी आधी टॉर्चने बाहुली बघतो. मोठी असेल तर टेस्ट करत नाही, दुसरी तारीख देतो. कितीही लांबून आलेले असोत. शिव्या खातो, चालतं. आणि म्हातारी माणसं दुपारी पेंगतात, ठिपक्यावरची नजर सुटते, लाट बुटकी होते. सकाळची पहिली वेळ मागून घ्या.

आजोबा७१

मी तीन दिवस गोळी बंद ठेवा म्हणालो होतो, ते मागे घेतो. दोष थेंबांचा आणि शिक्षा गोळीला झाली असती. शेवंती, मामांनाही हा धागा वाचायला दे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, वॉर्डात रात्रपाळी करते. सगळं पटलं, तरी एक शंका मांडते. थेंबांमुळे रिपोर्ट बिघडला हे मान्य. पण आईंची "धुकं आहे" ही तक्रार टेस्टच्या आधीची आहे, ती थेंबांनी आलेली नाही. तेव्हा रिपोर्टचा खुलासा झाला म्हणून तो प्रश्न मिटला असं समजू नका.

आणि विचारायला जड जातंय, पण विचारते. आईंना नसलेल्या गोष्टी दिसतात का? माझ्या सासऱ्यांना संध्याकाळी गॅलरीत मुलं बसलेली दिसायची. छान कपड्यातली, गप्प मुलं. आम्ही वर्षभर नजरेचा दोष समजत राहिलो. निदान लेवी बॉडी डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचं झालं. त्यात ॲसिटिलकोलीनची तूट फार मोठी असते आणि ईईजीत (मेंदूच्या लाटांच्या आलेखात) डोक्याच्या मागच्या भागातली लय मंदावते, सेकंदाला आठ लाटांच्या खाली जाते. रिव्हास्टिग्मिनने (डोनेपेझिलच्याच जातीचं औषध) त्यांना ती मुलं दिसणं बरंच कमी झालं. अशा रुग्णांना ॲसिटिलकोलीन अडवणारी औषधं फार वाईट बाधतात.

शेवंती_मुलुंड

रात्रपाळी ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. मी आईला सरळच विचारलं. बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दोन-तीनदा पडद्यामागे कुणीतरी उभं दिसलं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस." डॉक्टरांना उद्या हेही सांगते.

शेवंती_मुलुंड

पाच आठवड्यांनी परत येतेय. उशीर झाला, माफ करा. तुम्हा सगळ्यांना सांगायचं होतंच.

मेंदूच्या डॉक्टरांनी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र बघितल्या आणि ऑक्सिब्युटिनिन बंद केली. तिच्याऐवजी लघवीच्या डॉक्टरांशी बोलून मिराबेग्रॉन दिली, ती ॲसिटिलकोलीनच्या वाटेला जात नाही. बीपीवर लक्ष ठेवायला सांगितलंय, रोज वहीत लिहिते. डोनेपेझिल तशीच चालू आहे. पडद्यामागचं माणूस तीन आठवड्यांत एकदाही दिसलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोळीमुळेही तसं होऊ शकतं, पण लेवी बॉडीची शक्यता अजून मनात ठेवू, ईईजी पुढच्या महिन्यात करू. म्हणजे टांगती तलवार आहेच. धुकंही थोडं आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, कृत्रिम भिंगामागच्या पिशवीवर साय आली आहे, लेझरने मोकळी करू.

व्हीईपी परत केली. सकाळी साडेआठची वेळ, थेंब नाहीत, चष्मा डोळ्यांवर, गोळी नेहमीसारखी रात्री घेतलेली. मोठ्या चौकटींना १०७, लहानांना ११५ आणि ११४. "वयाच्या मानाने ठीक, नसेचा दोष दिसत नाही" असं लिहिलंय. मामाला फोटो पाठवला. त्याचा फोन आला, बोलला काहीच नाही, नुसता "बरं झालं" म्हणाला आणि आईला फोन दे म्हणाला.

सूक्ष्मव्होल्ट

लहान चौकटीचे जे दोन-चार मिलिसेकंद जास्त वाटतात ते त्या सायीचे असू शकतात. लेझरनंतर परत काढायचा आग्रह मात्र धरू नका, आजींना किती वेळा बसवणार. तेल लावू दिलं नसेल ना तुम्ही त्यांना?

शेवंती_मुलुंड

दोन दिवस लावू दिलं नाही. दोन्ही दिवस माझ्याशी भांडली, "पन्नास वर्षांत कोरड्या डोक्याने घराबाहेर पडले नाही" म्हणून. मशीनसमोर मात्र शहाण्या मुलीसारखी बसली. मधेच त्या मुलाला म्हणाली, "अरे, हा पट एवढा हलवतोस, सोंगट्या कुठे आहेत?"

काल पेस्टचे शेवटचे कण केसांतून कंगव्याने काढले. आज खोबरेल कोमट करून ठेवलंय, ती हाका मारतेय. जाते.